पावणेनऊ डॉलरचा हट्ट : सायरस मॅकॉर्मिकचे घर, मरण आणि मिळकत

जुनी बखळ (धागाकर्ता)

मार्च 1862 मध्ये फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्थानकावर एक गृहस्थ बायको-मुले आणि नऊ ट्रंका घेऊन शिकागोची गाडी पकडायला आला. सामान तोलणाऱ्याने जादा वजनाचे 8 डॉलर 70 सेंट मागितले. ही आकारणी गैरवाजवी आहे असे म्हणून गृहस्थाने कुटुंबाला गाडीतून खाली उतरवले आणि ट्रंकाही उतरवून मागितल्या. पण गाडी ट्रंकांसकट निघून गेली आणि शिकागोच्या स्थानकाला लागलेल्या आगीत त्या जळून गेल्या. त्याने रेल्वे कंपनीवर दावा लावला. तो दावा या कोर्टातून त्या कोर्टात वीस वर्षांहून अधिक काळ चालला, आणि अखेर निकालाचे 18 हजारांहून अधिक डॉलर हाती आले तेव्हा वादी कबरीत होता. पैसे त्याच्या विधवेला मिळाले.

हा गृहस्थ म्हणजे कापणीयंत्राचा कारखानदार सायरस हॉल मॅकॉर्मिक. पैशांची त्याला ददात नव्हती. त्याच्या चरित्राकडे यंत्राच्या बाजूने पुष्कळांनी पाहिले आहे. मला त्याच्याकडे एक कुटुंबप्रमुख, एक कडवा प्रेस्बिटेरियन आणि मागे सुमारे एक कोटी डॉलर ठेवून गेलेला मयत म्हणून पाहायचे आहे, कारण त्या मिळकतीचे पुढे जे झाले ते त्याला जिवंतपणी कोणी सांगितले असते, तर त्याने बहुधा त्यावरही दावा लावला असता.

प्रेस्बिटेरियन हा शब्द आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, मिरज या भागातील वाचकांना अनोळखी नाही. मिरजेचे मिशन हॉस्पिटल उभे करणारे डॉ. वॉनलेस याच पंथाच्या अमेरिकन मिशनचे. या पंथात बिशप नसतो. मंडळीचा कारभार निवडून दिलेले वडील आणि पाळक मिळून चालवतात, शिकवण कॅल्व्हिनची असते, आणि त्या काळी मुलांना प्रश्नोत्तरावली तोंडपाठ करावी लागे. रविवारी काम नाही, करमणूक नाही. आयर्लंडच्या उत्तर भागातून अमेरिकेत गेलेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांनी हा पंथ व्हर्जिनियाच्या शेनान्डोआ खोऱ्यात नेला, आणि तिथेच रॉकब्रिज परगण्यातील वॉलनट ग्रोव्ह या शेतावर 15 फेब्रुवारी 1809 रोजी सायरसचा जन्म झाला. आठ भावंडांत तो थोरला. बाप रॉबर्ट सधन शेतकरी होता. त्याची पिठाची गिरणी होती, लोहारकामाची भट्टी होती, आणि राबायला गुलामही होते. कापणीचे यंत्र करण्याची खटपट रॉबर्टने अनेक वर्षे केली आणि 1831 मध्ये सोडून दिली. त्याच वर्षीच्या सुगीत बावीस वर्षांच्या सायरसने आपले यंत्र जवळच्या स्टील्स टॅव्हर्न या वस्तीत चालवून दाखवले. पेटंट मिळाले 21 जून 1834 रोजी. मधल्या काळात, म्हणजे 1833 च्या शेवटच्या दिवशी, ओबेड हसी नावाच्या दुसऱ्याच माणसाने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले होते, आणि तिथून सायरसच्या आयुष्यात जे वकील शिरले ते शेवटपर्यंत बाहेर पडले नाहीत.

आधी लोखंड गाळण्याचा धंदा काढला. 1837 च्या मंदीने तो बुडवला आणि बाप-लेक कर्जात गेले. ते फेडण्यासाठी तो पुन्हा यंत्राकडे वळला. 1842 मध्ये सात यंत्रे विकली गेली, 1843 मध्ये एकोणतीस, 1844 मध्ये पन्नास. व्हर्जिनियाच्या उंचसखल शेतांपेक्षा पश्चिमेच्या सपाट कुरणांवर आपले गिऱ्हाईक आहे हे ओळखून 1847 मध्ये त्याने शिकागोला कारखाना काढला आणि विल्यम व लिअँडर या धाकट्या भावांना तिकडे बोलावून घेतले. 1851 च्या लंडन प्रदर्शनात 'टाइम्स'ने आधी या यंत्राची यथेच्छ टिंगल केली. नंतर शेतात चाचणी झाली, यंत्राला प्रदर्शनाचे सर्वोच्च पदक मिळाले, आणि त्याच वृत्तपत्राने सूर बदलला.

घराकडे येऊ. या माणसाने एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत लग्नच केले नाही. 26 जानेवारी 1858 रोजी त्याने नेट्टी फाउलरशी लग्न केले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. ती न्यूयॉर्क राज्यातली, लहानपणीच आई-वडिलांना पारखी झालेली मुलगी होती. त्यांना सात मुले झाली. रॉबर्ट आणि ॲलिस तान्हेपणी गेली. सायरस (धाकटा), मेरी व्हर्जिनिया, अनिता, हॅरल्ड आणि स्टॅन्ली अशी पाच जगली. घरात धर्म होता तो देखाव्यापुरता नव्हता. 1859 मध्ये त्याने एक लाख डॉलर देऊन इंडियानातील पाळकांचे विद्यालय शिकागोला आणवले. पण दान देऊन गप्प बसणे त्याच्या स्वभावात नव्हते: त्याला तिथे 'जुन्या शाळे'चे, म्हणजे कर्मठ बाजूचे, प्राध्यापक हवे होते, आणि दिलेल्या पैशाबरोबर दिलेली अट पाळली जाते की नाही याचा हिशेब तो वर्षानुवर्षे मागत राहिला. तो डेमोक्रॅट होता, दक्षिणेचा होता, यादवी युद्धाच्या विरोधात होता. देश फुटू नये यासाठी आपला पक्ष आणि आपला पंथ हे दोनच बंध उरले आहेत असे त्याला मनापासून वाटे. 1861 मध्ये पंथही उत्तर-दक्षिण असा फुटला.

ऑक्टोबर 1871 च्या आगीत शिकागो जळाले तेव्हा कारखानाही गेला. तो बासष्ट वर्षांचा होता, निवृत्त होऊन सुखाने जगता येईल एवढे जवळ होते. पुन्हा बांधायचा हा आग्रह नेट्टीचा होता, आणि 1873 मध्ये शहराच्या पश्चिमेला पहिल्यापेक्षा मोठा कारखाना उभा राहिला. शेवटची काही वर्षे आजारपणाने त्याला चाकाच्या खुर्चीत बसवले. 13 मे 1884 रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, रश स्ट्रीटवरच्या घरात तो वारला. अंत्यदर्शनाच्या वेळी त्याच्या छातीवर पिकलेल्या गव्हाची पेंढी ठेवली होती. ग्रेसलँड दफनभूमीत त्याला पुरले. बापाच्या मृत्यूनंतर तीन दिवसांनी थोरल्या मुलाला पंचवीस पूर्ण झाली, आणि त्याच वयात तो कंपनीचा अध्यक्ष झाला.

मिळकतीबद्दल मुद्दाम इथे थांबतो. आधी तुमचे ऐकायचे आहे.

---

पेंढीमागे पेंढी

बखळराव, लेख उत्तम, पण यंत्र तुम्ही दोन ओळींत उरकले. मिळकत कशातून आली हे न सांगता मिळकतीची चर्चा म्हणजे विहीर न दाखवता पाटाच्या पाण्यावरून भांडणे.

गहू पिकला की थांबत नाही. आठ-दहा दिवसांत तो कापला नाही तर ओंबीतून दाणा झडतो, वर पाऊस आला तर उभ्या पिकाची माती होते. म्हणजे पेरायला जमीन कितीही असली, तरी तेवढ्या दिवसांत जितके हातांनी कापून होईल तितकाच गहू शेतकऱ्याचा. मॅकॉर्मिकच्या यंत्रात पुढे बोटांसारखे टोकदार दांडे होते आणि त्यांच्यामधून दातेरी पाते डावी-उजवीकडे सरकत असे. वरची लाकडी फिरकी ताटे पात्यावर वाकवायची, कडेचा दुभाजक कापायचे आणि राखायचे पीक वेगळे करायचा, आणि कापलेले पीक मागच्या फळीवर आडवे पडायचे. या सगळ्याला गती मिळे ती जमिनीवर घरंगळणाऱ्या एका मोठ्या मुख्य चाकातून. घोडे समोर न जुंपता एका बाजूला जुंपलेले असत, नाहीतर त्यांनीच पीक तुडवले असते. फळीवरचे कडपे ओढून खाली टाकायला सुरुवातीला एक माणूस यंत्राबरोबर चालत असे. पेंढ्या बांधायला मागून माणसे लागतच.

यातला एकेक भाग इतरांनीही केला होता. मॅकॉर्मिकचे खरे डोके विक्रीत चालले. यंत्राची किंमत छापील आणि सर्वांना सारखी, कामाची लेखी हमी, थोडे पैसे आधी आणि बाकीचे सुगी झाल्यावर, गावोगावी दलाल, आणि मोडले तर सुटे भाग हजर. सावकाराने बियाण्याला द्यावे तसे त्याने यंत्र उधारीवर दिले. ही उधारी वसूल होणार हा विश्वास त्याला होता, आणि त्याची वह्यांवरची पकडही तशीच होती.

कोर्टाचे म्हणाल तर मॅनी या प्रतिस्पर्धी कापणीयंत्रवाल्यावरचा 1855 चा दावा विसरू नका. मॅनीच्या बाजूने अब्राहम लिंकन नावाचा इलिनॉयचा एक वकील नेमला होता. सिनसिनाटीला सुनावणी गेली तेव्हा स्टॅन्टन वगैरे बड्या वकिलांनी त्याला बोलूही दिले नाही. मॅकॉर्मिक हरला. पुढे लिंकनने त्याच स्टॅन्टनला युद्धमंत्री केले.

---

उंबरठ्याआतून

या घराचा पुरुष कोर्टात आणि कारखान्यात जितका दिसतो, तितकी त्याची बायको दिसत नाही म्हणून लिहिते. नेट्टी नवऱ्याची पत्रे लिहायची, धंद्यातील बैठकींना त्याच्याबरोबर असायची, आणि निर्णय तिच्याशी बोलल्याशिवाय होत नसत. एकोणपन्नासाव्या वर्षी ती विधवा झाली आणि त्यानंतर एकोणचाळीस वर्षे, 1923 पर्यंत, जगली. म्हणजे लग्न सव्वीस वर्षांचे आणि मिळकतीचा सांभाळ त्याच्या दीडपट! या काळात तिने सुमारे 80 लाख डॉलर दान केले. 1886 मध्ये त्या पाळकांच्या विद्यालयाला मॅकॉर्मिकचे नाव दिले गेले. टेनेसीतील टस्क्युलम कॉलेज, सयाममधील (आजच्या थायलंडमधील) चियांग माईचे आजही चालू असलेले मॅकॉर्मिक हॉस्पिटल, ही तिच्या दानाची ठिकाणे. नवऱ्याने एका विद्यालयातल्या प्राध्यापकांच्या चार जागांवरून वाद घातला. तिने देताना पंथ सोडला नाही, पण मूठ सैल केली.

घरातले दु:ख मात्र पैशाने हटले नाही. मेरी व्हर्जिनिया तरुणपणीच मनोविकाराने आजारी पडली. तिच्यासाठी आईने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ रिव्हन रॉक नावाची जागा घेतली, आणि तिथले बांधकाम धाकट्या स्टॅन्लीने जातीने पाहिले. हा स्टॅन्ली प्रिन्स्टनचा पदवीधर, चित्रकलेची आवड असलेला. 1904 मध्ये त्याने जिनिव्हात कॅथरिन डेक्स्टरशी लग्न केले, 1906 मध्ये त्याचे मन ढासळले, 1909 मध्ये कायद्याने त्याला अक्षम ठरवण्यात आले, आणि बहिणीसाठी स्वत: बांधून घेतलेल्या त्याच रिव्हन रॉकमध्ये तो 1947 मध्ये मरेपर्यंत राहिला. स्त्रियांना त्याच्यापासून दूर ठेवण्याचा दंडक होता, त्यामुळे लग्नाच्या बायकोला कित्येक वर्षे नवरा भेटत नव्हता. त्याचा ताबा आणि उपचार यांवरून कॅथरिन आणि दीर-नणंदा 1929 मध्ये कोर्टात उभ्या राहिल्या. दाव्यांचा वारसा, पाहा, तोही बरोबर उतरला.

---

जुनी बखळ

ताई, तुम्ही नेमकी ती नस धरलीत ज्यासाठी मी थांबलो होतो.

स्टॅन्ली गेल्यावर कॅथरिनला साडेतीन कोटी डॉलरहून अधिक मिळाले. ती एमआयटीची जीवशास्त्राची पदवीधर होती, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेली होती, आणि 1920 च्या दशकात युरोपातून संततिनियमनाची साधने कपड्यांत शिवून अमेरिकेत आणणारी बाई होती. 1953 मध्ये ती ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला भेटली आणि त्याच्या संशोधनाचा खर्च तिने जवळजवळ एकटीने उचलला. सुमारे 20 लाख डॉलर त्यात गेले. 1960 मध्ये अमेरिकन सरकारने गर्भनिरोधक गोळीला मान्यता दिली. वॉलनट ग्रोव्हच्या प्रश्नोत्तरावलीत वाढलेल्या, सात मुलांच्या बापाच्या मिळकतीचा एक हिस्सा असा खर्च झाला. मला यात नियतीचा सूड वगैरे दिसत नाही. पैसा विधवेकडे गेला की त्याचे काय करायचे हे विधवा ठरवते, इतकेच दिसते. या घरात ते दोनदा झाले, एकदा सासूच्या हातून, एकदा सुनेच्या.

अनिताचेही तसेच. जेम्स ब्लेन या मोठ्या राजकारण्याच्या मुलाशी तिने लग्न केले, तो 1892 मध्ये गेला, आणि पुढची साठ वर्षे तिने शाळा आणि शिक्षक यांच्यासाठी पैसा ओतला. 1948 मध्ये जागतिक सरकारच्या कल्पनेसाठी दहा लाख डॉलर दिले. हॅरल्डने 1895 मध्ये रॉकफेलरची मुलगी एडिथ केली आणि 1921 मध्ये घटस्फोट घेतला. म्हातारा यातले काय सहन करू शकला असता, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

भाऊबंदकीचे एक राहिले. विल्यम 1865 मध्येच वारला. लिअँडर मात्र कारखान्यात आपला वाटा किती यावरून थोरल्याशी आयुष्यभर भांडला, आणि शेवटी त्याने बाजू घेतली ती बापाची: यंत्र सायरसने नव्हे तर रॉबर्टने शोधले, असे तो उघड म्हणू लागला. त्याने स्वत:च्या पैशाने व्हर्जिनिया विद्यापीठाला 26 इंची दुर्बीण आणि वेधशाळा दिली. 1890 मध्ये आपला हिस्सा विकून तो कंपनीतून बाहेर पडला. एकाच शेतावरचे दोन भाऊ, एकाचे नाव विद्यालयावर आणि दुसऱ्याचे वेधशाळेवर.

---

तिसरी ओळ

चर्चा वारसांची चालली आहे, म्हणून ज्यांना वारसा मिळाला नाही त्यांच्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. 1831 च्या त्या सुगीपूर्वी लोहारभट्टीत सायरसबरोबर राबणारा माणूस म्हणजे 'जो अँडरसन' नावाचा, साधारण त्याच्याच वयाचा गुलाम. घरचे लोक स्वत: त्याच्या मदतीचा उल्लेख करत. पेटंट घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गुलाम कायद्याने स्वत:च्याच मालकीचा नव्हता; तो ज्या मिळकतीच्या यादीत येई, ती रॉबर्टची. सायरस शिकागोला, गुलामगिरी नसलेल्या राज्यात, गेला तेव्हा अँडरसन व्हर्जिनियातच राहिला. बाप यंत्राचा जनक की मुलगा, यावर दोन भावांनी इतकी वर्षे वाद घातला. भट्टीपाशी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाचा वाटा त्या वादात कोणीच मांडला नाही.

आणि 3 मे 1886. म्हाताऱ्याला जाऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. तरुण अध्यक्षाने साचेकाम करणाऱ्या संघटित कामगारांच्या जागी यंत्रे आणली होती, टाळेबंदी झाली होती, आणि आठ तासांच्या कामाची चळवळ शिकागोभर पेटली होती. मॅकॉर्मिक कारखान्याच्या दाराशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कामगार मेले. त्याचा निषेध म्हणून दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा झाली, तिथे बॉम्ब पडला, आणि त्यातून आपल्याकडेही पाळल्या जाणाऱ्या एक मेच्या कामगार दिनाला त्याचा इतिहास मिळाला. मिळकतीचा हिशेब मांडताना हे पान फाडून चालणार नाही.

---

पेंढीमागे पेंढी

तिसरी ओळ, तुमचे म्हणणे मान्य आहे. एक भर घालतो: म्हातारा मजुरांशी प्रेमाने वागे असे नाही, पण त्याला कारखान्यातल्या जुन्या माणसांची नावे ठाऊक होती. मुलाला फक्त मजुरीची वही ठाऊक होती. या फरकाने गोळीबार टळला असता असे मी म्हणत नाही.

---

चिखलातला ट्रॅक्टर

धागा आज सकाळीच वाचला. मी कंपनीच्या बाजूने पुढचे सांगतो, कारण त्याचे एक टोक आमच्या गोठ्यात येऊन पोचते.

1902 मध्ये मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन लहान कंपन्या जे. पी. मॉर्गनच्या पेढीने एकत्र केल्या आणि 12 कोटी डॉलर भांडवलाची इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी झाली. तिचा पहिला अध्यक्ष तोच थोरला मुलगा. त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1963 मध्ये महिंद्रांबरोबर भागीदारी करून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-275 हा ट्रॅक्टर आणला. आमच्या आजोबांनी तो जुना विकत घेतला होता. तांबडा रंग उडून पत्रा दिसत होता, पण नाकावरची इंग्रजी आय आणि एच ही दोन अक्षरे आजी दर दसऱ्याला आधी पुसायची आणि मग हळदकुंकू लावायची. या अक्षरांमागे व्हर्जिनियाचा एखादा देवभोळा, भांडकुदळ म्हातारा आहे हे आमच्या घरात कोणालाही माहीत असण्याचे कारण नव्हते.

---

उंबरठ्याआतून

दादा, हळदकुंकवाची ती ओळ वाचून रिव्हन रॉक क्षणभर विसरायला झाले.

मला एवढेच विचारायचे आहे की मूळ शेताचे काय झाले? विद्यालय, हॉस्पिटल, गोळी, ट्रॅक्टर सगळ्यांचा पत्ता लागला. वॉलनट ग्रोव्ह कोणाच्या वाटणीला आले?

---

जुनी बखळ

ताई, ते कोणाच्याच वाटणीत राहिले नाही. 1954 मध्ये घराण्याने ते शेत व्हर्जिनियाच्या कृषी महाविद्यालयाला देऊन टाकले. तिथे आज संशोधनाचे प्रक्षेत्र आहे. पिठाची गिरणी आणि लोहारभट्टीचे लाकडी ओंडक्यांचे घर जपलेले आहे, आणि ते पाहायला जाणाऱ्याला आत शिरण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत.